इंग्रजी स्पेलिंगमधील अनुच्चारित अक्षरे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पालक, शिक्षक आणि स्पर्धा परीक्षांची तयारी करणारे विद्यार्थी यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. एकच शंका अनेकांनी वेगवेगळ्या शब्दांत विचारली असेल, तर तिचे एकच रूप ठेवले आहे. इंग्रजी शब्द उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिले आहेत आणि स्पेलिंगमधील अक्षरे त्यांच्या नावांनी दाखवली आहेत.

१. ‘सायलेंट लेटर’ नेमके कशाला म्हणायचे?

जे अक्षर स्पेलिंगमध्ये लिहावेच लागते, परंतु ज्याचा स्वतःचा ध्वनी उच्चारात येत नाही, त्याला अनुच्चारित अक्षर किंवा ‘सायलेंट लेटर’ म्हणतात. येथे एक भेद आरंभीच लक्षात घ्यावा. ‘शिप’ या शब्दातील ‘एस’ आणि ‘एच’ मिळून एकच ध्वनी दाखवतात, म्हणून त्यातील ‘एच’ला अनुच्चारित म्हणता येत नाही. याउलट ‘नेम’ या शब्दाच्या शेवटच्या ‘ई’ला स्वतःचा ध्वनी नाही, तरी त्याच्यामुळे आधीच्या स्वराचा उच्चार ठरतो. म्हणजे जे अक्षर ऐकू येत नाही ते निकामीच असते, असे नाही (प्रश्न ७ पाहा).

२. उच्चार करायचाच नव्हता, तर ही अक्षरे घातली कोणी आणि कशासाठी?

या प्रश्नाला एकच उत्तर नाही, आणि एकच उत्तर शोधण्याच्या नादात बहुतेक गोंधळ होतो. काही अक्षरे पूर्वी खरोखर उच्चारली जात होती. पुढे उच्चार गळला आणि अक्षर राहिले. काही अक्षरे विद्वानांनी लॅटिनशी नाते दाखवण्यासाठी मुद्दाम घुसवली. काही निव्वळ गैरसमजातून किंवा दुसऱ्या शब्दाच्या अनुकरणाने आली. काही मात्र शेजारच्या अक्षराचा उच्चार दाखवणाऱ्या खुणा आहेत. त्यामुळे ‘सायलेंट लेटर का असतात’ असे विचारण्यापेक्षा ‘या शब्दातील हे अक्षर का आहे’ असे विचारले, तर उत्तर बहुधा सापडते.

ही अक्षरे टिकून का राहिली, हा वेगळा प्रश्न आहे. विल्यम कॅक्स्टन यांनी १४७६ साली लंडनजवळच्या वेस्टमिन्स्टर येथे इंग्लंडमधील पहिला छापखाना सुरू केला. छपाईमुळे शब्दांची लिखित रूपे पुढील दोन शतकांत हळूहळू स्थिरावत गेली. पण नेमक्या त्याच काळात इंग्रजीचे उच्चार, विशेषतः दीर्घ स्वरांचे, झपाट्याने बदलत होते. सॅम्युअल जॉन्सन यांचा कोश १७५५ मध्ये प्रसिद्ध झाला, तोपर्यंत स्पेलिंग बरेचसे गोठले होते आणि बोलणे कितीतरी पुढे निघून गेले होते.

३. ‘नी’, ‘नाइफ’, ‘नो’ या शब्दांतील ‘के’ पूर्वी खरोखर उच्चारला जात होता का?

होय. गुडघा या अर्थाचा ‘नी’ हा शब्द प्राचीन इंग्रजीत ‘क्नेओ’सारखा उच्चारला जात असे, आणि जर्मन भाषेत ‘क्नी’ हा उच्चार आजही चालू आहे. इंग्रजीतून हा ‘क’ सतराव्या शतकाच्या अखेरीपासून अठराव्याच्या आरंभापर्यंत गळून गेला. घोडेस्वार योद्धा या अर्थाच्या ‘नाइट’चेही तसेच झाले, त्याचा मूळ अर्थ ‘मुलगा, सेवक’ असा होता आणि जर्मनमध्ये ‘क्नेख्त’ हा त्याचा भाऊबंद अद्याप सेवकच राहिला आहे. ‘राइट’, ‘राँग’, ‘रिस्ट’ यांच्या आरंभी लिहिला जाणारा ‘डब्ल्यू’ आणि ‘नॅट’ या चिलटासारख्या कीटकाच्या नावातील ‘जी’ हेही असेच मागे राहिलेले आहेत.

मराठी वाचकाला यात एक जास्तीचा आनंद आहे. जाणणे या अर्थाचा ‘नो’ आणि संस्कृत ‘ज्ञा’ हे धातू एकाच मूळ धातूपासून आले आहेत. तिकडचे ‘के’ आणि ‘एन’ म्हणजे आपल्या ‘ज्ञ’मधील ‘ज्’ आणि ‘ञ’. ‘नी’ आणि ‘जानु’ यांचेही नाते तसेच आहे. इंग्रजांनी त्यातील पहिला ध्वनी बोलण्यातून टाकला आणि आपण मराठीत ‘ज्ञ’चा उच्चार ‘द्न्य’ केला. लिहिताना मात्र दोघांनीही जुने रूप सोडले नाही.

४. ‘नाइट’मध्ये ‘जीएच’ मुके आहे, ‘लाफ’मध्ये त्याचा ‘फ’ होतो आणि ‘घोस्ट’मध्ये ‘ग’ होतो. हा काय प्रकार आहे?

हे दोन अक्षरांच्या जोडीचे तीन स्वतंत्र इतिहास आहेत. रात्र या अर्थाच्या ‘नाइट’मध्ये पूर्वी घशातून घासत येणारा, ‘ख’च्या जवळचा ध्वनी होता. प्राचीन इंग्रजीत तो नुसत्या ‘एच’ने लिहीत, १०६६ मधील नॉर्मन विजयानंतर फ्रेंच वळणाच्या लेखनिकांनी त्यासाठी ‘जीएच’ रूढ केले. पुढे प्रमाण इंग्रजीतून हा ध्वनीच नाहीसा झाला. ‘नाइट’, ‘एट’, ‘डॉटर’ यांत तो पूर्ण गळला, तर ‘लाफ’, ‘कफ’, ‘रफ’, ‘इनफ’ यांत त्याचा ‘फ’ झाला. कोणत्या शब्दात काय झाले हे नियमाने सांगता येत नाही, कारण वेगवेगळ्या बोलींतील उच्चार प्रमाण भाषेत मिसळले. येथेही संस्कृतची साक्ष उपयोगी पडते. ‘नाइट’ शेजारी ‘नक्तम्’, ‘एट’ शेजारी ‘अष्ट’ आणि ‘डॉटर’ शेजारी ‘दुहिता’ ठेवले की इंग्रजीतील मुक्या ‘जीएच’च्या जागी आपल्याकडे अनुक्रमे ‘क्’, ‘ष्’ आणि ‘ह्’ आढळतात.

‘घोस्ट’ची गोष्ट निराळी आहे. कॅक्स्टन आणि त्यांचे कारागीर यांचा संबंध ब्रूज या फ्लेमिश शहराशी होता, आणि फ्लेमिश भाषेत या शब्दाच्या आरंभी ‘जीएच’ लिहिण्याची रीत होती. ती छापखान्यातून इंग्रजीत आली. ‘डिलाइट’मधील ‘जीएच’ तर उच्चारात कधीच नव्हते. तो शब्द फ्रेंचमधून आला आणि ‘लाइट’च्या देखादेखी त्याला ही जोडी चिकटली.

५. ‘डेट’ म्हणजे कर्ज आणि ‘डाउट’ म्हणजे शंका, या शब्दांत ‘बी’ कशासाठी?

हा ‘बी’ पंडितांच्या कृपेने आला आहे. फ्रेंचमधून आलेले हे शब्द मध्ययुगीन इंग्रजीत ‘बी’शिवायच लिहीत. प्रबोधनकाळात लॅटिनचा मान वाढला, तेव्हा ‘डेट’चे मूळ ‘डेबितुम’ आणि ‘डाउट’चे मूळ ‘दुबितारे’ आहे हे दिसावे म्हणून ‘बी’ घालण्याची प्रथा रूढ झाली. ‘सटल’मधील ‘बी’ही त्याच माळेतील. फ्रेंचांनीही कर्जाच्या शब्दात काही काळ ‘बी’ लिहिला होता, पण त्यांनी तो पुढे काढून टाकला, इंग्रजांनी ठेवला. शेक्सपिअर यांच्या एका नाटकात हा ‘बी’ न उच्चारणाऱ्या लोकांवर चिडणारे एक पंडितमास्तर आहेत. प्रेक्षकांनी त्यांना हसावे अशीच त्या प्रसंगाची योजना आहे, म्हणजे ‘बी’चा उच्चार करणे त्या काळीही अतिशहाणपणाचे वाटत होते.

हे काम पंडितांनी सरसकट केले नाही. ‘रिसीट’मध्ये लॅटिनच्या आठवणीसाठी ‘पी’ आला, परंतु त्याच धातूपासून निघालेल्या ‘डिसीट’ आणि ‘कन्सीट’ यांत आला नाही. काही ठिकाणी तर घुसवलेले अक्षर लोक वाचून वाचून उच्चारू लागले. ‘फॉल्ट’मधील ‘एल’, ‘परफेक्ट’मधील ‘सी’ आणि ‘ॲडव्हेंचर’मधील ‘डी’ ही मागाहून आलेली अक्षरे आज स्पष्ट ऐकू येतात. ‘सॅमन’ माशाच्या नावातील ‘एल’ मात्र मुकाच राहिला.

६. म्हणजे काही अक्षरे चुकीने आली आहेत, असे म्हणता येईल का?

निःसंशय म्हणता येईल. बेट या अर्थाचा ‘आयलंड’ हा अस्सल जर्मॅनिक शब्द आहे आणि त्यात ‘एस’ कधीच नव्हता. बेटालाच ‘आइल’ असा एक फ्रेंच-लॅटिन मुळाचा शब्द आहे आणि त्यातील ‘एस’ लॅटिन ‘इन्सुला’वरून आलेला आहे. दोन्ही शब्द एकाच कुळातील असावेत अशा समजुतीने तो ‘आयलंड’मध्येही शिरला. चर्चमधील किंवा विमानातील आसनांमधली वाट म्हणजे ‘आइल’ हा तिसरा शब्द. तो लॅटिनमधील पंख या अर्थाच्या ‘आला’पासून आला असूनही बेटाच्या शब्दाशी गल्लत होऊन त्यालाही ‘एस’ मिळाला.

‘कुड’मधील ‘एल’ हा शेजाऱ्यांचा संसर्ग आहे. ‘शुड’ आणि ‘वुड’ यांत ‘एल’ मुळापासून आहे, कारण ते ‘शॅल’ आणि ‘विल’ यांची रूपे आहेत. ‘कुड’ ज्याचे रूप आहे त्या ‘कॅन’मध्ये मात्र ‘एल’ नाही. ‘फॉरिन’मधील ‘जी’ ‘रेन’ म्हणजे राज्यकाल या शब्दाच्या अनुकरणाने आला, आणि संपूर्ण या अर्थाच्या ‘होल’ला पंधराव्या शतकात आरंभी ‘डब्ल्यू’ चिकटला. तो नसता, तर ‘हील’ आणि ‘हेल्थ’ यांच्याशी असलेले त्याचे सख्खे नाते सहज दिसले असते.

७. शब्दाच्या शेवटचा ‘ई’ उच्चारायचा नाही, तर लिहायचा कशाला?

सर्वांत अधिक काम करणारे मुके अक्षर हेच आहे. चौदाव्या शतकातील कवी चॉसर यांच्या काळाच्या आसपासपर्यंत ‘नेम’ हा शब्द दोन अवयवांचा (‘सिलेबल’चा) होता. त्याचा उच्चार साधारण ‘नाम’ आणि शेवटी एक पुसटसा ‘अ’ असा होई. ज्या अवयवाच्या शेवटी व्यंजन नसे त्यातील स्वर दीर्घ होण्याची प्रवृत्ती होती. पुढे शेवटचा पुसट स्वर गळाला, आधीचा स्वर दीर्घ राहिला, आणि कागदावर उरलेला ‘ई’ हा त्या दीर्घत्वाची खूण बनला. एकदा ही युक्ती उपयोगी ठरल्यावर ती इतरत्रही वापरली गेली. ‘होम’ हा शब्द प्राचीन इंग्रजीत ‘हाम’ होता, त्याच्या मूळ रूपाच्या शेवटी स्वर नव्हता. तरी आज त्याला ‘ई’ आहे. लंडनमधील शाळामास्तर रिचर्ड मुलकास्टर यांनी १५८२ मधील आपल्या पुस्तकात या ‘ई’चे कार्य नीट समजावून दिले होते.

याचे प्रत्यंतर वर्गात लगेच देता येते. ‘हॅट’ला ‘ई’ जोडला की ‘हेट’ होतो, ‘बिट’चा ‘बाइट’ होतो, ‘हॉप’चा ‘होप’ होतो.

शेवटचा स्वर गळणे आपल्याला परके नाही. ‘घर’ हा शब्द आपण ‘घर्’ असा उच्चारतो आणि तरीही पाय मोडत नाही. फरक इतकाच की देवनागरीत तो गळालेला ‘अ’ अक्षरातच सामावलेला असतो, म्हणून तो कोणाला खुपत नाही.

८. मग ‘हॅव’, ‘गिव्ह’ आणि ‘लव्ह’ यांत ‘ई’ असूनही स्वर दीर्घ का होत नाही?

कारण येथे ‘ई’चे काम निराळे आहे. ‘यू’ आणि ‘व्ही’ ही दीर्घकाळ एकाच अक्षराची दोन वळणे होती आणि त्यांचा भेद सतराव्या शतकात पक्का झाला. शब्दाच्या अखेरीस ते अक्षर व्यंजन म्हणून वाचायचे आहे हे कळावे यासाठी त्यामागे ‘ई’ जोडत. कारण संपले, पण शब्दाच्या शेवटी एकटा ‘व्ही’ न ठेवण्याची रीत राहिली.

‘डान्स’ आणि ‘लार्ज’ यांत ‘ई’ हा आधीचा ‘सी’ किंवा ‘जी’ मृदू उच्चारायचा आहे असे सांगतो. त्यामुळेच ‘नोटिसेबल’ आणि ‘चेंजेबल’ लिहिताना ‘ई’ ठेवावा लागतो, तर ‘लव्हेबल’मध्ये तो गाळता येतो. परीक्षेत हमखास विचारला जाणारा हा भेद पाठ करण्याऐवजी कारणासह समजून घेणे सोपे आहे. ‘नर्स’सारख्या शब्दांत ‘ई’ नसता, तर शेवटचा ‘एस’ अनेकवचनाचा वाटला असता.

९. ‘लॅम’, ‘थम’ यांतील ‘बी’ आणि ‘ऑटम’मधील ‘एन’ यांचे कारण एकच आहे का?

नाही. ‘लॅम’ म्हणजे कोकरू. यातील ‘बी’ पूर्वी उच्चारला जात असे आणि पुढे ‘म’च्या सहवासात विरून गेला. ‘थम’ म्हणजे अंगठा, ‘लिम’ म्हणजे हात-पाय आणि ‘क्रम’ म्हणजे पावाचा कण, यांत मात्र प्राचीन इंग्रजीत ‘बी’ नव्हताच. तो मागाहून आला. ‘म’नंतर ‘ब’ उगवण्याची प्रवृत्ती मात्र खरी आहे. लॅटिन ‘नुमेरुस’चे ‘नंबर’ झाले, तसे आपल्याकडे ‘आम्र’चा आंबा आणि ‘ताम्र’चे तांबे झाले. ‘थम’पासून निघालेल्या ‘थिंबल’ म्हणजे अंगुस्तान या शब्दात तो ‘ब’ ऐकूही येतो.

‘ऑटम’, ‘हिम’ (स्तोत्र), ‘कॉलम’, ‘सॉलेम’ यांच्या शेवटचा ‘एन’ लॅटिन-ग्रीक मुळातील आहे. पुढे स्वर आला की तो पुन्हा बोलू लागतो. ‘ऑटम्नल’, ‘कॉलम्निस्ट’ आणि ‘सॉलेम्निटी’ हे शब्द म्हणून पाहावेत.

१०. ‘अवर’, ‘ऑनेस्ट’ यांत ‘एच’ मुका, मग ‘हॉस्पिटल’ आणि ‘ह्यूमन’ यांत का नाही?

लॅटिनमधील ‘ह’ बोलीतून फार पूर्वी गेला होता, त्यामुळे फ्रेंचमार्गे आलेले हे सर्व शब्द इंग्रजीत मुळात ‘ह’विनाच बोलले जात. लॅटिनकडे पाहून लेखनात ‘एच’ आणला गेला आणि लोकांनी लिहिलेले वाचता वाचता बहुतेक शब्दांत त्याचा उच्चारही सुरू केला. ‘अवर’, ‘ऑनर’, ‘ऑनेस्ट’ आणि ‘एअर’ म्हणजे वारस, ही चार घराणी तेवढी सुटली. ‘एबल’ला तर, त्याचे मूळ ‘हाबिलिस’ असूनही, ‘एच’ मिळालाच नाही. वनौषधी या अर्थाचा शब्द ब्रिटनमध्ये ‘हर्ब’ आणि अमेरिकेत ‘अर्ब’ असा उच्चारतात, आणि यांत अमेरिकी उच्चार जुना आहे.

‘अ’ की ‘ॲन’ हे ध्वनीवरून ठरते, अक्षरावरून नव्हे. त्यामुळे ‘ॲन अवर’, पण ‘अ युनिव्हर्सिटी’.

११. ‘सायकॉलॉजी’ आणि ‘न्यूमोनिया’ यांच्या आरंभीचा ‘पी’ कोठून आला?

ग्रीकमधून. ग्रीकमध्ये ‘प्स’ आणि ‘प्न’ यांनी शब्द सुरू होऊ शकतो व तसा उच्चारही होतो. इंग्रजीला तो जमत नाही. ‘टार्मिगन’ या पक्ष्याच्या नावातील ‘पी’ मात्र तोतया आहे. शब्द स्कॉटिश गेलिक, पण कोणाला तरी तो ग्रीक वाटला.

१२. ‘ऑफन’ म्हणावे की ‘ऑफ्टन’?

दोन्ही उच्चार कोशांत मान्य आहेत. ‘ट’ पूर्वी होता, सतराव्या शतकाच्या सुमारास सुशिक्षितांच्या बोलण्यातून गळला आणि आता स्पेलिंगच्या प्रभावाने अनेकांच्या तोंडी परतला आहे. ‘ऑफ्टन’ म्हणणाऱ्याला हसण्याचे कारण नाही. ‘लिसन’, ‘कॅसल’ आणि ‘व्हिसल’ यांत मात्र ‘ट’ उच्चारू नये. त्यांतील ‘लिसन’च्या मूळ रूपात तर ‘ट’ नव्हताच; तो ऐकणे याच अर्थाच्या ‘लिस्ट’ या जुन्या क्रियापदावरून आला.

१३. आपण सगळे ‘प्लंबर’ म्हणतो. इंग्रज ‘प्लमर’ म्हणतात. आपले चूक आहे का?

मराठी वाक्यात ‘प्लंबर’ म्हणणे मुळीच चूक नाही. तो आता मराठी शब्द आहे, आणि नळ गळत असताना ‘प्लमर’ला बोलवा असे सांगितले तर घरातील निम्मी माणसे गोंधळतील. इंग्रजी बोलताना मात्र ‘प्लमर’ म्हणावे. शब्दाचे मूळ लॅटिन ‘प्लुम्बुम’ म्हणजे शिसे. शिशाचे काम करणारा तो प्लमर. इंग्रजांत ‘बी’शिवाय लिहिले जाणारे ‘प्लमर’ हे आडनाव जुन्या लेखनाची खूण आहे. ‘बॉम्ब’चेही असेच. इंग्रजीत शेवटचा ‘ब’ नाही, मराठीत आहे.

१४. स्पेलिंग पाठ करताना मुलीला ‘वेडनेसडे’ म्हणायला शिकवतात. हे योग्य आहे का?

पाठांतरासाठी ही युक्ती उत्तम आहे, आणि गंमत म्हणजे ती इतिहासालाही धरून आहे. हा ‘वोडन’ या देवाचा वार असून प्राचीन इंग्रजीत ‘ड’ आणि ‘न’ दोन्ही उच्चारले जात. फक्त बोलताना ‘वेन्झडे’ म्हणायचे, हे मुलीला सोबतच सांगावे.

याहून टिकाऊ उपाय म्हणजे शब्दाचे गणगोत दाखवणे. ‘साइन’मधील ‘जी’ विसरत असेल तर ‘सिग्नेचर’ आठवावे. ‘मसल’मधील ‘सी’साठी ‘मस्क्युलर’, आणि ‘टू’ या अंकातील ‘डब्ल्यू’साठी ‘ट्वेल्व्ह’, ‘ट्वेंटी’, ‘ट्विन’. शेवटच्या तिघांना ‘द्वि’ची आठवण करून दिली, तर ‘डब्ल्यू’ म्हणजे आपला ‘व’ हे मूल स्वतःच ओळखते. प्रश्न ६ मधील शब्दांना मात्र ही रीत लागू पडत नाही. ते पाठच करावे लागतात.

१५. एवढा त्रास आहे, तर इंग्रज आणि अमेरिकी ही अक्षरे काढून का टाकत नाहीत?

प्रयत्न झाले. जॉन हार्ट यांनी १५६९ मध्येच अनावश्यक अक्षरांविरुद्ध लिहिले होते. नोआ वेब्स्टर यांनी १८२८ च्या अमेरिकी कोशात ‘ऑनर’मधील ‘यू’ काढला आणि तो बदल रुजला. जिभेसाठी सुचवलेले ‘टी-यू-एन-जी’ हे सरळ स्पेलिंग मात्र कोणी घेतले नाही. १९०६ साली अँड्र्यू कार्नेगी यांच्या पैशावर चालणाऱ्या मंडळाने सुचवलेली ३०० सुधारित स्पेलिंगे राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी सरकारी छापखान्याला वापरायला सांगितली. वर्तमानपत्रांनी टर उडवली, अमेरिकी संसदेने म्हणजे काँग्रेसने विरोध केला आणि वर्ष संपण्यापूर्वी त्यांना माघार घ्यावी लागली. जॉर्ज बर्नार्ड शॉ यांनी नव्या लिपीसाठी मृत्युपत्रात पैसे ठेवले. तिच्यात त्यांचे एक नाटक १९६२ मध्ये छापले गेले आणि गोष्ट तेथेच थांबली.

अडचण केवळ सवयीची नाही. इंग्रजीला आदेश देणारी एकच संस्था नाही, आणि उच्चारानुसार लिहायचे तर कोणाच्या उच्चारानुसार, याला उत्तर नाही. दक्षिण इंग्लंडमध्ये ‘कार’मधील ‘आर’ ऐकू येत नाही, अमेरिकेत येतो, आणि आपण तर तो ठणठणीत उच्चारतो.

१६. मराठीत असे काही होते का?

होते, आणि आपण ते काढूनही टाकले. ‘नांव’, ‘पांच’, ‘कांहीं’, ‘केलें’ अशा रूपांतील अनुस्वार प्रमाण मराठीच्या उच्चारातून गेले होते, पण शुद्धलेखनात द्यावे लागत. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांनी हे अनुच्चारित अनुस्वार देऊ नयेत असे ठरवले व महाराष्ट्र शासनाने ते नियम स्वीकारले. शॉ यांचे नाटक नव्या लिपीत छापले गेले तेच हे वर्ष.

विद्यार्थ्यांची सोय झाली, पण किंमतही पडली. ‘नांव’मधील अनुस्वार ‘नाम’मधील ‘म’ची खूण होता, आता नाव म्हणजे होडी की माणसाचे नाव हे संदर्भावरून ठरवावे लागते. इंग्रजीत रात्रीचा ‘नाइट’ आणि योद्ध्याचा ‘नाइट’ वेगळा राहतो तो मुक्या ‘के’मुळे. कोकणीत आणि कोकणातील काही बोलींत हे अनुनासिक आजही बोलले जातात, म्हणून गोव्यातील कोकणी लेखनात ‘नांव’ आणि ‘केलें’ कायम आहेत.

१७. ‘घाट’ किंवा ‘गांधी’ या शब्दांचे इंग्रजी स्पेलिंग करताना येणारा ‘एच’ सायलेंट आहे का?

आपल्यासाठी नाही, ‘घ’ आणि ‘ध’ यांतील महाप्राण दाखवण्यासाठी तो आहे. इंग्रजीत ‘ग’ आणि ‘घ’ असा भेदच नसल्याने त्यांच्या कानाला मात्र तो ऐकू येत नाही. त्यामुळे ‘गांधी’ लिहिताना पाश्चात्त्य लेखक ‘एच’ पुष्कळदा ‘डी’नंतर न देता ‘जी’नंतर देतात. ‘रिदम’मधील पहिला ‘एच’ नेमका कोठे येतो हे आठवताना मराठी विद्यार्थ्याची जी अवस्था होते, तीच त्यांची येथे होते.